मीठ, मीठा आणि मोहाच्या गोळ्या

एक सोपा प्रश्न विचारतो. मीठ खारट असतं की गोड?

हसू नका. उत्तर तुम्ही कुठल्या स्टेशनवर उभे आहात त्यावर आहे. नागपूर-हावडा मार्गावर गोंदिया सोडलं की आमगाव, सालेकसा आणि मग दरेकसा लागतं. या मार्गावरचं हे महाराष्ट्रातलं शेवटचं स्टेशन. पुढे डोंगर, जंगल, बोगदा आणि मग बोरतलाव, म्हणजे छत्तीसगड. अलीकडच्या मराठीत मीठ म्हणजे खारट. पलीकडच्या हिंदीत मीठा म्हणजे गोड. मूळ शब्द एकच. संस्कृतातला मृष्ट किंवा मिष्ट, म्हणजे रुचकर. प्राकृतात त्याचा मिट्ठ झाला, तिथून हिंदीत तो गोडाकडे गेला आणि मराठीत खारटाकडे. गुजरातीनं तर निर्णयच घेतला नाही, तिथे मीठुं म्हणजे मीठही आणि गोडही!

थोडक्यात काय, तर जुन्या लोकांच्या लेखी हा शब्द 'खाण्याला चव आणणारी वस्तू' एवढाच होता. ती वस्तू कुठली, हे ज्या त्या मुलखानं आपापलं ठरवलं.

हे सगळं डोक्यात यायचं कारण दिवाळी. आमच्या ऑफिसात दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात डब्यांची देवाणघेवाण चालते. पूर्वी काजूकतली आणि सुकामेवा असायचा. हल्ली 'सॉल्टेड कॅरामल' नावाचा प्रकार फार बोकाळलाय. चॉकलेटात मीठ, बिस्किटात मीठ, आइस्क्रीममध्ये मीठ. मी गेली तीन वर्षं घरी गोळ्या करून टीमला वाटतो. गोड-खारट, छोट्या, एका घासात संपणाऱ्या. त्यात मोहाची फुलं असतात, आणि ती दरेकसाच्या बाजूनं येतात. पहिल्या वर्षी एकानं विचारलं, "अरे, गोडात मीठ घालायची ही फ्रेंच आयडिया का?"

प्रश्न साधा होता, पण शोधत गेलो तर उत्तर मिठावरचा कर, बैलांचे तांडे, रेल्वे आणि दारूबंदी असं फिरत फिरत गेलं. तेच इथे लिहितोय.

आधी फ्रान्स उरकून घेऊ. सॉल्टेड कॅरामल ज्या रूपात आज जगभर विकलं जातं, ते ब्रिटनी या फ्रान्सच्या पश्चिमेकडच्या किनारी प्रांतातून आलं. आंरी ल रू नावाच्या मिठाईवाल्यानं १९७७ मध्ये किबरों या गावात दुकान काढलं आणि खारवलेल्या लोण्याचं कॅरामल विकायला सुरुवात केली. १९८० मध्ये त्याला पॅरिसच्या मिठाई प्रदर्शनात बक्षीस मिळालं. आता प्रश्न असा की ब्रिटनीतच लोणी खारवलेलं का? कारण जुन्या फ्रान्समध्ये 'गाबेल' नावाचा मिठावरचा कर होता. तो प्रांताप्रांतात वेगळा होता आणि काही प्रांतांत भयंकर जाचक होता. ब्रिटनीला मात्र त्यातून सूट होती. शिवाय मिठागरं दारातच. त्यामुळे बाकीच्या फ्रान्समध्ये लोण्यात मीठ घालणं ही चैन होती, तर ब्रिटनीत ती रोजची गोष्ट. १७९० मध्ये क्रांतीनंतर गाबेल गेला (नेपोलियननं १८०६ मध्ये मिठावरचा कर परत आणला, हा भाग वेगळा), पण खारवलेल्या लोण्याची सवय राहिली. आणि दोनशे वर्षांनी तीच सवय चॉकलेटच्या कागदात गुंडाळून आपल्या ऑफिसात आली.

म्हणजे गोडात मीठ घालायची मुभा कोणाला होती? ज्याच्याकडे मीठ स्वस्त होतं त्याला. चवीचा प्रश्न नंतर येतो.

आता हाच नियम दरेकसाला लावून बघू. इथे गोष्ट बरोबर उलटी होते. इथे मीठ दुर्मिळ होतं आणि गोड झाडावरून खाली पडत होतं.

मोहाचं झाड ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगतो. मार्च-एप्रिलमध्ये, पानं गळून गेलेली असताना, फांद्यांच्या टोकांना मोहाला फुलं येतात. पाकळ्या जाड, रसाळ, पिवळसर पांढऱ्या. त्या पहाटे आपोआप गळतात. बायका-मुलं टोपल्या घेऊन उजाडायच्या आत झाडाखाली जातात आणि वेचतात. उन्हात वाळवलं की फूल तांबूस तपकिरी होतं, साधारण मनुकेसारखं. वाळलेल्या फुलाच्या वजनात निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून जास्त साखरच असते. उसाची शेती नको, चरक नको, गुऱ्हाळ नको. जंगलातल्या माणसाला साखर जमिनीवर पडलेली मिळते.

त्यामुळे मोह हे इथलं अन्न होतं. भाजून, शिजवून, तिळाबरोबर कुटून, भाकरीच्या पिठात मिसळून. मध्य प्रांतात १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन भीषण दुष्काळ पाठोपाठ पडले, तेव्हा या फुलांनी कितीतरी घरं तगवली. अनेक गोंड गावांमध्ये मोसमातलं नवं फूल आधी देवाला दाखवतात आणि मगच घरात घेतात. सण आधी, वेचणी नंतर. दरेकसाजवळच कचारगडच्या गुहा आहेत. गोंडांचा आदिगुरू पारी कुपार लिंगो यानं गुहेत कोंडलेल्या मुलांना तिथून सोडवलं अशी कथा आहे. दरवर्षी माघ पौर्णिमेला देशभरातून गोंड समाजाचे लोक तिथे येतात. माघ संपून फाल्गुन लागला की जंगलात मोहाचे दिवस सुरू होतात. सण आणि गोड यांची सांगड आपल्याकडे साखर कारखान्यांच्या कितीतरी आधीची आहे, ती अशी.

गोडाची सोय झाली. मीठ कुठून आणायचं?

नकाशा काढून बघा. दरेकसापासून अरबी समुद्र आठशे किलोमीटरच्या आसपास, बंगालचा उपसागरही काही जवळ नाही. मध्ये डोंगर आणि जंगल. समुद्राचं मीठ इथे यायचं ते बैलाच्या पाठीवरून. पश्चिम किनाऱ्याचं नागपूरकडून, गंजामकडचं पूर्वेकडून. आणणारे अर्थातच बंजारा. तावेर्निए नावाचा फ्रेंच जवाहीर व्यापारी सतराव्या शतकात हिंदुस्थानात फिरला. त्याचं प्रवासवर्णन १६७६ मध्ये छापलं गेलं. त्यात त्यानं या तांड्यांबद्दल लिहिलंय. एकेका तांड्यात हजारो बैल, आणि त्यांचे चार गट: एक फक्त धान्य वाहणारा, एक तांदूळ, एक डाळी आणि चौथा फक्त मीठ. म्हणजे मीठ ही एका अख्ख्या गटाची कामगिरी होती. लमाण हा शब्द 'लवण' वरून आला अशी एक व्युत्पत्तीही सांगितली जाते.

आमच्या भाषेत सांगायचं तर ही शेकडो वर्षं चाललेली सप्लाय चेन होती, तीसुद्धा गोदाम, रस्ता किंवा पूल यांच्याशिवाय. एक बैल दीडेक क्विंटलच्या आत-बाहेर ओझं नेणार, तेही दिवसाला काही कोस. पावसाळ्यात सगळं ठप्प. मग वस्तू जंगलाच्या आतल्या गावात पोहोचेपर्यंत तिची किंमत काय होत असेल?

ती किंमत पैशात क्वचितच मोजली जायची. ती मोजली जायची मोहात, लाखेत आणि चारोळीत. बस्तर-छत्तीसगडच्या आठवडी बाजारांत मापाला माप मीठ देऊन चारोळी घेण्याचा व्यवहार अगदी विसाव्या शतकातही चालत होता. आपल्या बासुंदीवर चिमूटभर भुरभुरवतो ती चारोळी! किराणा दुकानात तिचा भाव आज काजू-बदामाच्या वर आहे. तेवढ्या मापाचं मीठ देऊन ती नेली जायची. व्यापारी लबाड होते हे तर आहेच, पण नुसतं लबाडीनं हे होत नाही. एक बाजू गोडात श्रीमंत आणि मिठाला महाग असली की असं होतं. चारोळीवाचून माणूस राहू शकतो, मिठावाचून नाही.

मला वाटतं आपल्या भाषेतही हा फरक उतरलाय. 'तोंड गोड करा' म्हणताना आपण काही परत मागत नाही. पण 'खाल्ल्या मिठाला जागणं' हे कर्ज आहे. गोड दिलं जातं, मीठ फेडावं लागतं. मीठ हातावर देऊ नये, भांडण होतं, असं घराघरात सांगितलं जातं. साखरेबद्दल असं कोणी सांगितलेलं ऐकलंय?

एवढं कमी होतं म्हणून की काय, इंग्रजांनी मिठावर कर बसवला होता आणि तो गोळा करण्यासाठी एक अचाट गोष्ट केली होती. स्वस्त मीठ चोरून आत येऊ नये म्हणून त्यांनी देशाच्या मधोमध एक जकातीची रेषा आखली. वायव्येला पंजाबापासून निघून मध्य हिंदुस्थानातून थेट ओडिशापर्यंत. काही हजार किलोमीटर लांब. त्यातल्या बऱ्याच भागात चक्क काटेरी झाडांचं कुंपण होतं आणि हजारो पहारेकरी ते राखत होते. लोक विसरूनही गेले होते. रॉय मॉक्सम या इंग्रज लेखकानं त्या कुंपणाचा माग काढत २००१ मध्ये पुस्तक लिहिलं तेव्हा ते पुन्हा चर्चेत आलं. १ एप्रिल १८७९ ला ही अंतर्गत जकात रेषा मोडीत निघाली. कर मात्र गेला नाही, तो मीठ जिथे पिकतं तिथेच वसूल होऊ लागला.

आणि नेमक्या याच सुमारास दरेकसाच्या डोंगरात रेल्वे आली.

१८७६-७८ च्या मोठ्या दुष्काळानंतर छत्तीसगडचं धान्य बाहेर काढायला मार्ग हवा होता. त्यासाठी नागपूर-छत्तीसगड अशी मीटर गेज लाइन टाकली गेली आणि १८८२ पर्यंत ती राजनांदगावला पोहोचली. १८८७ मध्ये बंगाल-नागपूर रेल्वे कंपनी स्थापन झाली, तिनं ही लाइन घेऊन रुंद केली आणि पुढे पूर्वेला नेली. ज्या डोंगरातून बैल धापा टाकत जायचे तिथून वाघिणीच्या वाघिणी मीठ आत जायला लागलं आणि तांदूळ बाहेर. मिठाची टंचाई हळूहळू सरली. पण बंजाऱ्यांचा धंदा बसला. रसेलनं मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवर १९१६ मध्ये मोठा ग्रंथ लिहिला, तोवर तांडे ही जुन्या काळातली गोष्ट होत चालली होती. ज्यांनी शतकानुशतकं अख्ख्या देशाला मीठ पोचवलं, त्यांच्यातल्या अनेक गटांवर तोवर 'गुन्हेगार जमात' असा शिक्काही बसला होता.

इथपर्यंत गोष्ट मिठाची. पण गोडाचंही तेच झालं.

मोहाच्या फुलात साखर आहे, म्हणजे ती आंबवता येते, म्हणजे दारू काढता येते. आणि दारू म्हणजे अबकारी, सरकारी तिजोरीतला मोठा भाग. मग सरकारचं लक्ष फुलाकडे गेलं. मुंबई इलाख्यात १८९२ मध्ये खास मोहफुलांचा म्हणून कायदा झाला आणि ठाणे-कुलाबा जिल्ह्यांत फुलं गोळा करण्यावर, बाळगण्यावर निर्बंध आले. कारण हे की लोकांनी घरी दारू काढली तर ठेकेदाराची दारू कोण घेणार? दरेकसा तेव्हा भंडारा जिल्ह्यात, म्हणजे मध्य प्रांतात होतं. तिथे अबकारीची पद्धत वेगळी होती, पण रोख तोच. स्वातंत्र्यानंतर कारण बदललं, महसुलाच्या जागी दारूबंदी आली. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यानं मोहफुलांवर नियंत्रण घातलं. १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आला आणि पुढे तोही या कायद्याच्या कक्षेत गेला. उसाच्या मळीपासूनही दारू होते, द्राक्षांपासूनही होते, पण म्हणून घरात गूळ किंवा मनुका ठेवायला परवाना लागल्याचं ऐकिवात नाही. जंगलातल्या माणसाच्या गोडाला मात्र लागत होता.

म्हणजे बघा, एकाच मुलखात राज्यानं मिठावर कर लावला आणि फुलावर पहारा. विकत घ्यायची वस्तू महाग, फुकट मिळणारी संशयास्पद.

१९३० मध्ये ही दोन्ही टोकं एकत्र आली. गांधीजींनी दांडीला मीठ उचललं आणि देशभर सत्याग्रह सुरू झाला. पण मध्य प्रांत आणि वऱ्हाडात समुद्रच नाही, मीठ काढणार कुठे? (काही ठिकाणी खाऱ्या विहिरींच्या पाण्यापासून काढायचे प्रयत्न झाले, पण त्यात दम नव्हता.) मग इथल्या पुढाऱ्यांनी विचार केला की आपल्याकडे लोकांना रोज जाचणारा कायदा कुठला? जंगलाचा. लोकनायक बापूजी अणे यांनी १० जुलै १९३० ला पुसदला राखीव जंगलातलं गवत कापून जंगल सत्याग्रह सुरू केला. तो पसरत गेला. ९ ऑक्टोबर १९३० ला सिवनी जिल्ह्यातल्या तुरियाला गोळीबार झाला, चार जण गेले, त्यातल्या तीन बाया होत्या. पेंचच्या सफारीला गेलेल्यांना तुरिया गेट माहीत असेल. तेच हे तुरिया. जीप तिथे थांबते तेव्हा सगळ्यांच्या हातात कॅमेरे असतात, आणि वाघाशिवाय दुसरं काही आठवायची कोणाला सवड नसते.

शाळेत मिठाचा सत्याग्रह एका धड्यात आणि जंगल सत्याग्रह दुसऱ्या धड्यात तळटिपेसारखा होता. मला तरी आता तो एकच धडा वाटतो. किनाऱ्यावर मीठ, डोंगरात गवत आणि फूल. जी वस्तू निसर्ग फुकट देतो ती माणसानं घ्यायची की नाही, हाच दोन्हीकडचा प्रश्न.

मिठावरचा कर १९४७ मध्ये गेला. फुलाला बराच जास्त वेळ लागला. १९९६ च्या पेसा कायद्यानं आणि २००६ च्या वनहक्क कायद्यानं गौण वनोपजावर ग्रामसभेचा आणि गावकऱ्यांचा हक्क कागदावर आला. आणि मोहफुलं गोळा करण्यावरची, साठवण्यावरची, वाहतुकीवरची राज्यातली बंधनं उठली कधी? २०२१ मध्ये! दरम्यान १९९९ मध्ये भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला, हातोहाती मोबाइल आले, आणि दरेकसाच्या आसपास वेचलेलं फूल तरीही कायद्याच्या लेखी दारूचा कच्चा मालच होता. आता बचत गटांच्या बायका मोहाचे लाडू, मनुका, सरबत करून विकतात. शहरातली प्रदर्शनं आणि ऑनलाइन दुकानं इथेही ते दिसतात. हे चांगलंच झालंय.

पण हिशोब अजून पुरता मिटलेला नाही. केंद्र सरकारनं २०२० मध्ये वाळलेल्या मोहफुलाची किमान आधारभूत किंमत किलोला १७ रुपयांवरून ३० रुपये केली. माझ्या एका घाण्याला पाव किलो फुलं लागतात. म्हणजे त्या भावानं साडेसात रुपये. गोळ्या ज्यात भरतो तो रिकामा पुठ्ठ्याचा डबा त्याहून महाग पडतो. पहाटे उठून, अस्वलाची भीती बाळगत (अस्वलांनाही मोह फार आवडतो), वाकून वाकून एकेक फूल वेचणाऱ्या बाईचे साडेसात रुपये, आणि 'फेस्टिव्ह हॅम्पर' असं छापलेल्या पुठ्ठ्याचे त्याच्या दुप्पट. मापाला माप मीठ देणारा व्यापारी आपल्याला लगेच वाईट दिसतो. पुठ्ठ्याचं आपल्या लक्षात येत नाही, कारण ते आपल्या बाजूला आहे. म्हणून मी फुलं बचत गटाकडून त्यांनी सांगितलेल्या भावानं घेतो आणि घासाघीस करत नाही. यात काही फार मोठं पुण्य नाही, पण ज्या वस्तूचा इतिहासच वाईट भावाचा आहे तिचा भाव पाडून ती भेट म्हणून देणं मला जमत नाही.

आता गोळ्या कशा करायच्या ते सांगतो, नाहीतर कमेंटमध्ये सगळे तेच विचारणार :-)

पाव किलो वाळलेली मोहफुलं घ्या. आतले केसर चोळून, पाखडून काढायचे. ही पायरी टाळू नका, केसर राहिले तर तोंडात कचकच होते. फुलं पटकन धुऊन फडक्यावर पूर्ण सुकवा. मग लोखंडी कढईत अगदी मंद आचेवर भाजा. थोडी फुगतात, रंग गडद होतो, आणि गार झाल्यावर कुरकुरीत होतात. मोहाचा तो उग्र, आंबूस वास भाजल्यावर पुष्कळ कमी होतो आणि मनुका आणि गूळ यांच्या मधला एक वास येतो. दीडशे ग्रॅम तीळ वेगळे भाजा. दोन्ही एकत्र जाडसर कुटा. मिक्सर चालेल, पण थांबून थांबून फिरवा, नाहीतर गोळा होऊन पात्याला चिकटतं. त्यात मूठभर चारोळी आणि लागलाच तर लिंबाएवढा किसलेला गूळ. फुलातच एवढी साखर आहे की पाक करायची गरज पडत नाही. बोराएवढ्या गोळ्या वळा.

आणि मीठ. अर्धा चमचा बारीक मीठ मिश्रणात, आणि खडेमीठ जाडसर कुटून त्याचे दोन-तीन कण प्रत्येक गोळीवर वरून दाबून. वरचं मीठ डबा भरायच्या आधी लावायचं, आधी लावलं तर विरघळतं. डबा घट्ट झाकणाचा हवा, साखर आणि मीठ दोन्ही हवेतलं पाणी ओढतात.

मीठ का घालायचं याला शास्त्रही आहे. ब्रेझलिन आणि बोशाँ या संशोधकांनी १९९७ मध्ये 'नेचर'मध्ये दाखवलं की मीठ कडवटपणा दाबतं, आणि तो दबला की त्याच्याखाली लपलेला गोडवा वर येतो. भाजलेल्या मोहाला किंचित कडू-तुरट कड असते, त्यामुळे हा प्रयोग इथे अगदी नीट लागू पडतो. आपल्या आज्या शिऱ्यात, पुरणात, करंजीच्या पारीत चिमूटभर मीठ घालतात ते याचसाठी. त्यांनी 'नेचर' वाचलेलं नव्हतं एवढंच.

तर "ही फ्रेंच आयडिया का?" या प्रश्नाचं माझं उत्तर असं. गोडात मीठ घालणं ही ज्याला मीठ परवडतं त्याची आयडिया आहे. ब्रिटनीला ते कर नव्हता म्हणून परवडलं. दरेकसाच्या डोंगरात तेच मीठ मिळवायला गोड वस्तू द्यावी लागत होती, मग ते गोडावर भुरभुरवणार कोण? आज मिठाची पिशवी थोडक्या पैशांत कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते, आपण ती ट्रॉलीत टाकताना तिच्याकडे बघतसुद्धा नाही. मोहाच्या गोळीवरचे ते दोन-तीन कण मला म्हणूनच महत्त्वाचे वाटतात. त्या मुलखात जी चव दीडशे वर्षांपूर्वी चैन ठरली असती ती आज साधी आहे, आणि ती साधी व्हायला तांडे, बोगदा, सत्याग्रह आणि बरेच कायदे लागले.

डब्यावर मी साहित्याची यादी हातानं लिहून चिकटवतो: मोहफुलं, तीळ, चारोळी, गूळ, मीठ. आमच्या टीममध्ये रायपूरचा एक जण आहे. मागच्या दिवाळीत ती यादी वाचून त्यानं शेवटच्या शब्दावर बोट ठेवलं आणि म्हणाला, "मीठ? वो तो होगा ही, मिठाई है ना!"

मी म्हटलं, आधी खाऊन बघ. त्यानं एक गोळी तोंडात टाकली, थोडा वेळ गप्प राहिला, आणि दुसरी उचलली.

यंदा तुम्हीही करून बघा. मोहफुलं आता बंधनं न मोडता मिळतात. घेताना ती कुठल्या गावची आहेत आणि वेचणाऱ्याला काय भाव मिळाला, एवढं मात्र विचारा. बाकी घरात तीळ असतातच, आणि मीठ तर असतंच असतं.